पर्यायी इतिहासातल्या जगाची खंडं कशी पाडायची

पर्यायी इतिहास, म्हणजे एखादी घटना वेगळी घडली असती तर पुढचं जग कसं असतं याची कथा, रचणारे बहुतेक जण राज्यांच्या सीमांवर जीव ओततात. कुठली लढाई कोणी जिंकली, राजधानी कुठून कुठे हलली, कोणाचं आरमार कोणत्या बंदरात नांगर टाकतं, सगळं चोख. मग नकाशावर खंडांची नावं टाकायची वेळ येते आणि शाळेच्या भूगोलातली सात नावं जशीच्या तशी उचलली जातात. रोमचं साम्राज्य कधी उभंच राहिलं नाही अशा जगात ‘आफ्रिका’ हे नाव कोणी पसरवलं? कोलंबस निघालाच नाही, तर ‘अमेरिका’ कोणाच्या नावावरून? चिकित्सक वाचक नेमकं इथे बोट ठेवतो, आणि मग तुमच्या त्या चोख आरमारावरचाही त्याचा विश्वास उडतो.

खंडं निसर्गानेच आखून दिलेली असतात या समजुतीतून हे घडतं. आपल्या जगातही खंडं किती यावर एकमत नाही. भारतात, चीनमध्ये आणि इंग्रजी बोलणाऱ्या देशांत सात शिकवतात. स्पेनमध्ये आणि लॅटिन अमेरिकेत दोन्ही अमेरिका मिळून एकच खंड धरतात. रशियन शाळेत युरोप आणि आशिया जोडून युरेशिया होतो, पण अमेरिका दोन राहतात. ऑलिंपिकची पाच वर्तुळं पिएर द कुबेर्तँने १९१३ साली आखली, त्यात अमेरिका एकच आहे आणि अंटार्क्टिका हिशेबातच नाही. जमीन तीच, मोजणारे वेगळे. म्हणून आधी मोजणारा ठरवायचा, रेघा नंतर मारायच्या. खालची कृती त्याच क्रमाने आहे.

१. फाट्याचं साल पक्कं करा

तुमचा इतिहास आपल्या इतिहासापासून जिथे वेगळा होतो त्याला ‘फाटा’ म्हणू. फाट्याच्या दिवशी कोणती नावं आणि कोणत्या रेघा आधीच वापरात होत्या, हे पाहणं ही पहिली पायरी.

इसवीसनपूर्व पाचव्या शतकात ग्रीकांकडे युरोप, आशिया आणि लिबिया (म्हणजे आजची आफ्रिका) ही तिन्ही नावं रुळलेली होती. त्या काळचा ग्रीक इतिहासकार हेरोडोटस तर वैतागून विचारतो की जमीन एकच असताना तिला तीन नावं, तीही बायकांची, का दिली आणि या सीमा ठरवल्या कोणी. म्हणजे यानंतरचा फाटा असेल तर भूमध्य समुद्राकाठच्या शिकलेल्या लोकांत ही त्रयी असणार, पण फक्त तिथेच. ‘अमेरिका’ हे नाव मार्टिन वाल्डझेम्युलर या नकाशाकाराच्या १५०७ च्या नकाशावर पहिल्यांदा आलं. गंमत म्हणजे १५१३ मध्ये त्यानेच ते गाळून तिथे ‘अज्ञात भूमी’ असं छापलं. उत्तर आणि दक्षिण अशा दोन्ही भागांना ते नाव १५३८ मध्ये मर्केटर या दुसऱ्या नकाशाकाराने दिलं. हे नाव मारायचं असेल तर या तीस-एकतीस वर्षांत मोठी उलथापालथ करायचीही गरज नाही, एखादा छापखाना बंद पाडला तरी पुरे. युरोप-आशियामधली उरल पर्वताची रेघ १७३० मध्ये छापली गेली. ‘ऑस्ट्रेलिया’ हे नाव मॅथ्यू फ्लिंडर्स या इंग्रज दर्यावर्दीने १८१४ च्या आपल्या ग्रंथात पुढे केलं. अंटार्क्टिकाचा किनारा माणसाला दिसला तो १८२० मध्ये.

यातून बरंच काही आपोआप ठरतं. १७६१ च्या पानिपतचा निकाल उलटा लावलात तर दिल्लीचं राजकारण बदलेल, पण उरलवरची रेघ त्याआधी एकतीस वर्षं छापून झालेली आहे. अशा जगात तुमच्या हातात उरतात ऑस्ट्रेलिया, पॅसिफिकमधली बेटं आणि दक्षिण ध्रुव. उलट फाटा कार्थेज-रोम युद्धाच्या काळातला असेल तर जवळजवळ पाटी कोरी आहे.

एका कागदावर नाव, ते पहिल्यांदा कधी आलं आणि कोण वापरत होतं, असे तीन रकाने करा. फाट्यानंतरचं सगळं खोडा. उरेल तेवढंच तुम्हाला फुकट मिळालेलं आहे.

२. नकाशा काढणारा कुठे बसलाय ते ठरवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा असं माझं मत आहे. ग्रीकांची विभागणी समजून घ्यायची असेल तर एजियन समुद्रातल्या एखाद्या तांडेलाच्या जागी उभं राहा. दार्दानेल्समधून आत शिरायचं, मार्माराचा समुद्र, मग बॉस्पोरस, मग काळा समुद्र, मग आझोव्हचा समुद्र आणि शेवटी डॉन नदीचं मुख. या सगळ्या वाटेवर डाव्या हाताला युरोप आणि उजव्या हाताला आशिया. जहाजावरून पाहणाऱ्याला ही विभागणी अगदी चोख आहे. डॉनच्या पलीकडे हे दोन्ही काठ हजारो किलोमीटर एकमेकांना चिकटलेले आहेत, याची त्याला फिकीर नव्हती, कारण तिथे त्याचं जहाज जात नव्हतं. खंडांची आपली आजची सगळी भांडणं त्या तांडेलाच्या डाव्या-उजव्या हाताने सुरू केली, असं म्हटलं तर फारसं चूक नाही.

दुसरीकडे बसलेल्यांनी दुसरे साचे काढले. मला यात ढोबळ चार प्रकार दिसतात.

काठांचा साचा हा वरचा, दर्यावर्दी लोकांचा. दुसरा दिशांचा. बौद्ध विश्वरचनेत मेरूच्या चार दिशांना चार द्वीपं आहेत आणि आपलं जंबुद्वीप दक्षिणेला. दक्षिण अमेरिकेतल्या इंकांनीही आपली राजधानी कुस्को केंद्र धरून आपल्या साम्राज्याचे चार ‘सूयू’ पाडले होते आणि राज्याचं नावच ‘चार भाग एकत्र’ अशा अर्थाचं होतं. भक्कम राजधानी असलेल्या, जमिनीवरून कारभार करणाऱ्या सत्तेला हा साचा शोभतो. तिसरा वर्तुळांचा. पुराणांत जंबु, प्लक्ष, शाल्मली, कुश, क्रौंच, शाक आणि पुष्कर ही सात द्वीपं एकाभोवती एक कड्यांसारखी आहेत आणि मधल्या समुद्रांत खाऱ्या पाण्यापासून उसाच्या रसापर्यंत आणि दुधा-दह्यापर्यंत सगळं आहे. प्राचीन इराणी परंपरेतही सात भूभाग आहेत आणि मधला सर्वांत मोठा. चौथा पट्ट्यांचा. टॉलेमी या प्राचीन भूगोलकारापासून आलेली ही पद्धत अरब भूगोलकारांनी वाढवली. विषुववृत्ताकडून उत्तरेकडे जगाचे सात आडवे पट्टे म्हणजे सात ‘इक्लीम’. अल-इद्रीसीने सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याच्यासाठी ११५४ मध्ये जो नकाशा पुरा केला त्यात सात पट्टे, प्रत्येकाचे दहा तुकडे, आणि दक्षिण वर. या पद्धतीत भूमध्य समुद्राचा किनारा आणि इराण एका घरात बसतात. खंड नावाची वस्तू लागतच नाही.

पर्यायी जगात बगदाद किंवा स्पेनमधलं कोर्दोबा ज्ञानाचं केंद्र राहिलं असेल तर तिथली शाळकरी मुलं ‘आपण चौथ्या पट्ट्यातले’ असं घोकतील. खंडांची संख्या बदलण्यापेक्षा साचा बदलणं कितीतरी जास्त परिणामकारक ठरतं, आणि ते करणारे फार थोडे दिसतात.

३. निकष निवडा, आणि तो किती काळ टिकला ते लिहा

साचा मिळाला की प्रत्यक्ष विभागणी कशावर, हा प्रश्न येतो. पाणी, डोंगर, वाळवंट, सत्ता, धर्म, भूगर्भ, एवढे पर्याय पुरेत.

भूमध्य समुद्राचंच उदाहरण घ्या. रोमन माणसासाठी तो समुद्र दोन जगं तोडत नव्हता, जोडत होता. आजच्या ट्युनिशियाचं धान्य रोममध्ये यायचं आणि उत्तर आफ्रिकेतले लोक सम्राटही झाले. सातव्या-आठव्या शतकात दक्षिण किनाऱ्यावर इस्लामी सत्ता आली आणि समुद्राचा अर्थ बदलला. ७३२ मध्ये तूरजवळ फ्रँक आणि इस्लामी फौजांत झालेल्या लढाईचं वर्णन करणाऱ्या, ७५४ च्या एका लॅटिन बखरीत फ्रँकांच्या फौजेला ‘युरोपीय’ असं म्हटलंय. भूगोलाचं नाव माणसांच्या एका गटाला चिकटल्याचं हे फार जुनं उदाहरण आहे. आता तुमच्या जगात ही सत्ता उत्तर आफ्रिकेत आलीच नाही, किंवा उलट ती पिरनीज पर्वत ओलांडून राइन नदीपर्यंत गेली, असं समजा. दोन्ही बाबतींत समुद्राच्या दोन्ही काठांवर एकच धर्म, एकच विद्वत्तेची भाषा. मग सीमा कुठे जाईल? माझ्या मते सहारात. समुद्राभोवतीचं सगळं मिळून एक खंड, आणि वाळवंटापलीकडचं दुसरं. उंटांचे तांडे जिथे पाणी भरून घेतात ती शहरं सरहद्दीवरची शहरं होतील. त्या जगातल्या माणसाला ‘मोरोक्को आणि काँगो एकाच खंडात’ हे वाक्य विचित्र वाटेल.

भूगर्भाबद्दल एक सावधगिरी. भूपट्टांचा सिद्धांत १९६० च्या दशकात मान्य झाला. त्याआधीच्या काळातल्या तुमच्या पात्राने ‘पट्ट वेगळा म्हणून खंड वेगळं’ असं म्हणू नये. शिवाय पट्टांप्रमाणे गेलात तर हिशेब भलताच लागतो. सायबेरियाचं पूर्व टोक उत्तर अमेरिकेच्या पट्टावर आहे, अरबस्तान आणि भारत स्वतंत्र निघतात, आणि आइसलँड मधोमध चिरला जातो. विज्ञान लवकर पुढे गेलेल्या जगात एखादी हट्टी वैज्ञानिक चळवळ असा नकाशा रेटते आहे, हे कथानक मात्र झकास होईल.

४. जमिनीवरचे सांधे एकेक करून सोडवा

समुद्राने वेगळी केलेली खंडं सोपी. खरं काम सांध्यांवर, म्हणजे जिथे कोरडी जमीन सलग आहे आणि तरी रेघ मारायची आहे तिथे.

उरलची गोष्ट नीट पाहा, कारण तिची नक्कल करता येते. जुनी सीमा डॉन नदी. तिच्यात दोन अडचणी होत्या. डॉनच्या उगमानंतर उत्तरेकडे जायचं कसं हे कोणालाच ठरवता येत नव्हतं, आणि व्होल्गाकाठचं कझान, आस्त्राखान हे सगळं आशियात पडत होतं. झार पहिल्या पीटरला रशिया युरोपीय सत्ता म्हणून उभी करायची होती. त्याच्याविरुद्ध लढलेला फिलिप योहान फॉन स्ट्राहलेनबर्ग हा स्वीडिश अधिकारी १७०९ मध्ये पोल्टाव्हाच्या लढाईत पकडला गेला आणि बरीच वर्षं सायबेरियात युद्धकैदी म्हणून राहिला. सुटून गेल्यावर १७३० मध्ये त्याने ग्रंथ छापला आणि त्यात सीमा उरलवर नेली. उरलमधल्या खाणींचा कारभार पाहणारा रशियन अधिकारी वासिली तातिश्चेव म्हणत राहिला की ही कल्पना मुळात माझी. एक कैदी, एक अधिकारी, श्रेयाचं भांडण, आणि त्यामागे दरबाराची सोय. उरल काही हिमालय नव्हे, पुष्कळ ठिकाणी तो सहज ओलांडता येतो. पण सत्तेला सोयीची रेघ होती, म्हणून टिकली.

आता तुमच्या जगात पोल्टाव्हाला स्वीडन जिंकलं, तर? स्वीडिश भूगोलकाराला मॉस्को युरोपात घेण्याची घाई कशाला असेल? डॉन राहील, किंवा सीमा आणखी पश्चिमेला, नीपर नदीवर सरकेल.

प्रत्येक सांध्यासाठी मी असं करतो. किमान तीन पर्यायी रेघा पेन्सिलीने मारायच्या आणि प्रत्येकीखाली लिहायचं की ही रेघ कोणाला हवी आहे. कॉकेशसमध्ये हे फार छान दिसतं. मुख्य पर्वतरांगेचा पाणलोट (पाणी जिथून दोन बाजूंना वाहून जातं ती माथ्याची रेघ) सीमा धरली तर ५,६४२ मीटरचा एल्ब्रुस युरोपचं सर्वोच्च शिखर ठरतो. त्याच्या उत्तरेची कुमा-मानिचची सखल पट्टी सीमा धरली तर एल्ब्रुस आशियात जातो आणि ४,८०० मीटरच्या आसपासचा माँ ब्लां पहिला येतो. गिर्यारोहकांच्या दोन संस्था यावरून तुमच्या कादंबरीत भांडू शकतात.

नाईलचं उदाहरण उलट दिशेने शिकवतं. जुने ग्रीक लोक नाईलला आशिया आणि लिबियामधली सीमा मानत. हेरोडोटसने त्यांची टर उडवली: नदीच सीमा असेल तर मुखाजवळचा त्रिभुज प्रदेश ना इकडचा ना तिकडचा, मग त्याला चौथं खंड का म्हणत नाही? नदीकाठी राज्य वसतं, दोन्ही काठांवर तेच लोक राहतात, म्हणून नदी ही खंडांची वाईट सीमा. पुढे ही रेघ तांबड्या समुद्राकडे आणि सुएझच्या संयोगभूमीकडे सरकली. १८६९ मध्ये तिथे कालवा झाल्यावर तर ती अगदी नैसर्गिक वाटायला लागली. तुमच्या जगात कालवा कुठे खणला जातो यावर खंडांची सीमा ठरू शकते, हे लक्षात ठेवा. पनामाचंही तसंच. १९०३ पर्यंत पनामा कोलंबियाचा भाग होता, आज दोन अमेरिकांमधली रेघ सहसा या दोन देशांच्या सरहद्दीवर, दारिएनच्या जंगलात मारतात. पनामा फुटलाच नसता तर ती रेघ कुठे असती?

५. बेट की खंड

याला फार वेळ देऊ नका, एक नियम करा आणि पाळा. ग्रीनलँड साधारण २१ लाख ६६ हजार चौरस किलोमीटर, ऑस्ट्रेलिया त्याच्या साडेतीनपट. आपण रेघ या दोघांच्या मध्ये मारली, एवढंच. पण तुमच्या जगातले लोक कोणता नकाशा पाहतात हे तपासा. मर्केटरच्या १५६९ च्या प्रक्षेपात (गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या पद्धतीत) ग्रीनलँड आफ्रिकेएवढा दिसतो, खरं तर आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. उत्तर अटलांटिकमधल्या नॉर्स (व्हायकिंग) लोकांच्या वसाहती टिकल्या आणि त्यांचे नकाशे असे फुगलेले असले, तर ग्रीनलँडला खंड म्हणण्याची हौस त्यांना येणारच.

सुट्या बेटांचं काय, हा पुढचा प्रश्न. पॅसिफिकमधल्या बेटांना ‘ओशनिया’ हे सामायिक नाव माल्ट-ब्रन या भूगोलकाराने १८१२ च्या सुमारास दिलं. त्याआधी ती कुठल्याच खंडात नव्हती आणि त्यावाचून कोणाचं काही अडलं नव्हतं. तुमच्या जगातही काही जमीन बिनखंडाची ठेवा. दुसरा पर्याय सजीवांचा: बाली आणि लोंबोक यांच्यामधल्या अरुंद सामुद्रधुनीच्या दोन्ही बाजूंना प्राणी वेगळे आहेत हे आल्फ्रेड रसेल वॉलेसने १८५९ मध्ये दाखवलं. निसर्गशास्त्राला मान असलेल्या जगात आशियाची सीमा तिथून जाईल.

६. नावं

नाव हे जवळजवळ नेहमी एका छोट्या जागेपासून सुरू होऊन फुगतं. आशिया हा आधी आजच्या तुर्कस्तानचा पश्चिम भाग होता आणि रोमन प्रांताचं तेच नाव होतं. आफ्रिका म्हणजे कार्थेजच्या आसपासचा प्रांत. म्हणजे नवं खंड-नाव हवं असेल तर परका दर्यावर्दी जिथे पहिल्यांदा उतरला त्या किनाऱ्यावरच्या जमातीचं, बंदराचं किंवा नदीचं नाव घ्या आणि ते तीनशे वर्षं आत ढकलत न्या.

दुसरी खाण दंतकथांची. लोक नवी जमीन पाहतात तेव्हा आधीपासून ऐकलेलं नाव तिला देतात. कॅरिबियनमधल्या ‘अँटिलीस’ बेटांचं नाव अटलांटिकमधल्या एका काल्पनिक बेटावरून आलंय. तिसरी खाण निव्वळ गैरसमजांची, आणि ‘वेस्ट इंडिज’ अजून नकाशावर आहे.

संस्कृत किंवा लॅटिन शब्दकोश उघडून भारदस्त नावं जुळवू नका. ती ओळखू येतात.

७. एक जग करून पाहू

फाटा १४३३. आपल्या इतिहासात झंग ह या चिनी आरमारप्रमुखाच्या सात सफरी १४०५ ते १४३३ मध्ये झाल्या, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत जहाजं गेली आणि मग मिंग दरबाराने हे सगळं बंद केलं. आपल्या पर्यायी जगात ते बंद होत नाही. साठ-सत्तर वर्षांत काही जहाजं जपानच्या पूर्वेला भरकटतात. हे शक्य आहे का? उत्तर पॅसिफिकमध्ये पूर्वेकडे वाहणारे प्रवाह आणि वारे आहेत. १५६५ मध्ये उर्दानेता या स्पॅनिश दर्यावर्दीने फिलिपाइन्सहून याच वाटेने मेक्सिको गाठलं आणि पुढची अडीचशे वर्षं स्पॅनिश गलबतं त्या वाटेने जात राहिली. तेव्हा शक्य आहे.

जहाजं कॅलिफोर्नियाच्या आसपास टेकतात. नाव काय देतील? लिआंग घराण्याच्या इतिहासात हुइ शेन नावाच्या भिक्षूने ४९९ मध्ये सांगितलेली, पूर्वेकडच्या ‘फूसांग’ देशाची हकिकत आहे. अर्थातच फूसांग. पुढच्या पिढीत व्यापारी किनाऱ्याने दक्षिणेला पेरूपर्यंत पोचतात. त्यांना दिसतो लांबच लांब किनारा आणि मागे डोंगरांची भिंत, उत्तरेला रॉकी आणि दक्षिणेला अँडीज. फूसांग म्हणजे समुद्र आणि डोंगर यांच्यामधली पट्टी. पलीकडे काय आहे हे त्यांना ऐकून माहीत.

दुसरीकडे पोर्तुगीज थांबलेले नाहीत. १४८८ मध्ये बार्तोलोमेउ दियासने आफ्रिकेचं टोक वळसा घालून पार केलं होतं. १५०० मध्ये काब्राल भारताकडे निघाला असताना ब्राझीलला लागला आणि ते बेट आहे असं समजून त्याला ‘खऱ्या क्रुसाचं बेट’, म्हणजे ‘व्हेरा क्रूझ’ म्हटलं. आपल्या जगात हे नाव लगेच मागे पडलं. पर्यायी जगात ते आत सरकत जातं.

आता एकाच भूमीला दोन काठांवरून दोन नावं आहेत आणि दोन्ही बाजूंना वाटतं की आपलं खंड डोंगराशी संपतं. दोन्हीकडचे नकाशे एकमेकांसमोर येतात तेव्हा सांधा अँडीजच्या पाणलोटावर पडतो. त्या रांगेत ६,९६१ मीटरचं आकोंकाग्वा आहे, म्हणजे उरलपेक्षा ही सीमा कितीतरी पटण्यासारखी. त्या जगातल्या मुलाला उत्तर आणि दक्षिण अमेरिका ही कल्पना समजणारच नाही. त्याच्यासाठी ती जमीन उभी चिरलेली आहे: पश्चिमेला फूसांग, पूर्वेला व्हेरा क्रूझ. पनामा हा दोन खंडांमधला पूल उरत नाही, दोन्ही खंडांचे काठ जिथे सर्वांत जवळ येतात ती जागा होते, आणि म्हणून तिथला प्रत्येक मैल वादात सापडतो.

आणि कुस्कोतला माणूस? त्याचे चार सूयू या डोंगराच्या दोन्ही अंगांवर पसरलेले आहेत. अँडीज त्याच्यासाठी घराचा मधला भाग आहे, सरहद्द नाही. परक्यांच्या दोन्ही नकाशांत त्याचं राज्य दोन खंडांत विभागलं जातं. इंका दरबार मिंग दूताला आपला नकाशा दाखवतो आणि दूत विचारतो की यात फूसांग कुठे संपतं, हा प्रसंग मी तरी पहिल्यांदा लिहीन.

८. एकाच जगात दोन हिशेब चालू द्या

खंडांची एकच अधिकृत यादी असलेलं जग खोटं वाटतं. रशियन शिक्षणात भूभाग म्हणून युरेशिया एक असतो, आणि त्याच वेळी ‘जगाचे भाग’ नावाचा दुसरा हिशेब चालतो, त्यात युरोप आणि आशिया वेगळे व अमेरिका एक. मुलं दोन्ही शिकतात आणि काही बिघडत नाही.

हे हिशेब एकमेकांवर आदळतात ते कारभारात. १९८७ मध्ये मोरोक्कोने युरोपीय समुदायाचं (आजच्या युरोपीय संघाच्या पूर्वसुरीचं) सदस्यत्व मागितलं आणि तो युरोपीय देश नाही म्हणून अर्ज फेटाळला गेला. कॅनरी बेटं आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ असूनही स्पेनची म्हणून आत. फुटबॉलमध्ये ऑस्ट्रेलिया २००६ पासून आशियात खेळतो, कझाकस्तान २००२ पासून युरोपात, आणि दक्षिण अमेरिकेतले गयाना व सुरिनाम उत्तरेच्या संघटनेत. तुमच्या जगासाठी अशा तीन-चार नोंदी करा: एक व्यापारी करार, एक क्रीडास्पर्धा, एक धर्मपीठाचा कारभार, एक टपालाचा दर. प्रत्येकात खंडांची यादी किंचित वेगळी ठेवा. वाचकाला यादी सांगू नका. पात्राला चुकीच्या खिडकीवर रांगेत उभं करा आणि ‘तुमचं बेट आमच्यात येत नाही’ असं कारकुनाकडून ऐकवा.

९. एखादं खोटं खंडही ठेवा

मात्तेओ रिच्ची या इटालियन पाद्रीने १६०२ मध्ये मिंग दरबाराच्या काळात चिनी भाषेत जगाचा नकाशा छापला. त्यात पाच खंडं आहेत आणि पाचवं दक्षिणेला, मॅगेलनच्या नावाचं, कोणीही न पाहिलेलं. दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी असलेल्या टिएरा देल फ्युएगो बेटाचा तुकडा दिसला म्हणून बाकीचं खंड कल्पनेने भरलं गेलं. समशीतोष्ण हवेतल्या, सुपीक दक्षिण खंडाची ही कल्पना कॅप्टन कुकच्या १७७२-७५ च्या सफरीने मोडली. म्हणजे पावणेदोनशे वर्षं शहाणी माणसं नसलेल्या खंडासकट खंडं मोजत होती.

तुमच्या जगात नकाशाचा काळ साधारण १८०० च्या आधीचा असेल तर असं एखादं खंड हवंच. जागा निवडताना एवढं पाहा की प्रचलित सागरी वाटा तिथून जात नाहीत, आणि त्याच्या काठाचा एखादा तुकडा कोणाला तरी खरोखर दिसलेला आहे. मग ते खंड खोडलं कधी आणि कोणी, हेही ठरवून ठेवा, कारण खोडणं सोपं नसतं. सतराव्या शतकातले पुष्कळ नकाशे कॅलिफोर्नियाला बेट दाखवत. १७०० च्या सुमारास किनो नावाचा पाद्री तिथे जमिनीवरून जाऊन आला, नकाशाही काढला. तरी छापखाने बेटच छापत राहिले. शेवटी १७४७ मध्ये स्पेनचा राजा सहावा फर्डिनांड याला कॅलिफोर्निया बेट नाही असं फर्मान काढावं लागलं. तुमच्या जगात हे फर्मान कोणाच्या सहीचं असेल, आणि त्यानंतरही जुना नकाशा कोणत्या शाळेच्या भिंतीवर राहील, एवढं ठरवलंत की नकाशाच्या कोपऱ्यात साल आणि छापणाऱ्या शहराचं नाव लिहा आणि कथेला लागा.